वस्तू डावीकडे ठेवावी

दहावीच्या विज्ञान भाग १ मध्ये दहा धडे आहेत. त्यांपैकी आठ धड्यांचा अभ्यास विद्यार्थी स्वतः करतो. उरलेले दोन, म्हणजे सहावा ‘प्रकाशाचे अपवर्तन’ आणि सातवा ‘भिंगे व त्यांचे उपयोग’, यांचा अभ्यास सगळी गल्ली मिळून करते. निदान भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या लाखनीत तरी असंच आहे. कार्बनी संयुगांवर आमच्या गल्लीत कुणी मत देत नाही. मूलद्रव्यांची आवर्तसारणी भिंतीवर दिसली की येणारे-जाणारे तिला कॅलेंडर समजून एकादशी शोधतात, आणि सापडली नाही की चहा पिऊन निघून जातात. प्रकाशाचं तसं नाही. डोळे प्रत्येकाला असतात, आरसा घरोघरी असतो आणि चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाकडं एक तरी चष्मा असतो. त्यामुळं या विषयात आपल्याला विचारलंच पाहिजे, असं प्रत्येकाला वाटतं. नाही विचारलं तर तो आपणहून सांगतो.

यंदा आमची मुलगी दहावीला. फेब्रुवारी लागला, मंडयांच्या जत्रा कधीच्या उरकल्या होत्या, झाडीपट्टीची रात्र रात्र चालणारी नाटकं आटोपत आली, बांध्यांमधली लाखोरी काढायला झाली, आणि आमच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, प्रकाशाचे दोन पक्ष पडले. पहिला पक्ष माझ्या वडिलांचा. त्यांना घरात आणि गावात सगळेच आबाजी म्हणतात. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि वाचायला अडीचचा चष्मा लागतो, प्लसचा. दुसरा पक्ष शेजारच्या निवृत्त गुरुजींचा. त्यांचा चष्मा मायनस सहाचा, तोही शाळकरी वयापासूनचा. या दोघांचं भांडण जुनंच आहे. एरवी ते धानाचा बोनस आणि गोसेखुर्दचं पाणी यांवर चालतं. पोरगी दहावीत गेल्यापासून ते बहिर्वक्र आणि अंतर्वक्र या पातळीवर आलं.

आधी आकृत्यांबद्दल सांगायला हवं, कारण घरातली निम्मी पेन्सिल त्यांत गेली. किरणाकृतीत एक आडवी रेघ असते, तो मुख्य अक्ष. मधोमध भिंग उभं असतं. आणि डावीकडं वस्तू. ही वस्तू म्हणजे नेहमी बाण. मेणबत्ती असो, झाड असो की माणूस असो, भिंगासमोर आला की त्याचा बाण होतो. यात एक सोय आहे. बाण उलटा झालेला लगेच कळतो; गोल बटाटा ठेवला असता तर प्रतिमा सुलट की उलट यावर पुनर्मूल्यांकनाचे अर्ज पडले असते.

वस्तूच्या टोकापासून खरं तर अगणित किरण निघतात. परीक्षेला बसायची परवानगी फक्त तिघांना आहे. अक्षाला समांतर आलेला नाभीतून जातो, नाभीतून आलेला समांतर होऊन जातो, आणि प्रकाशकेंद्रातून गेलेला कुणाकडंही न बघता सरळ निघून जातो. यांपैकी दोघं जिथं भेटतात तिथं प्रतिमा. तिसरा साक्षीला. अडचण अशी की आमच्या मुलीच्या वहीत हे तिघं सहसा एका ठिकाणी भेटत नाहीत. पट्टी सरकते, पेन्सिल बोथट होते, आणि पहिले दोघं भेटून गेल्यावर तिसरा अर्धा सेंटीमीटर पलीकडून जातो. यावर वर्गातल्या मुलींनी तोडगा काढला आहे. प्रतिमा कुठं यायला हवी ते पुस्तकातल्या तक्त्यावरून पाठ असतंच. तर आधी प्रतिमा काढून घ्यायची आणि मग तिन्ही किरणांना तिथं नेऊन सोडायचं. निष्कर्ष अगोदर आणि तपास मागाहून, ही पद्धत आपल्याकडं भिंगांखेरीजही बऱ्याच ठिकाणी मान्यता पावलेली असल्यामुळं मी काही बोललो नाही. मी एवढंच विचारलं की प्रत्येक किरणावर पुन्हा छोटा बाण कशाला. ती म्हणाली, ‘‘बाण नसला तर अर्धा मार्क जातो.’’ म्हणजे प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर असला तरी कुणीकडं जायचं ते लाखनीतल्या मुलीनं दाखवल्याशिवाय तो हलत नाही.

तक्त्याचं पाठांतर हा स्वतंत्र कार्यक्रम. त्यात एफ म्हणजे नाभी, टू एफ म्हणजे भिंगापासून दुप्पट अंतरावरची जागा; वन डावीकडची, टू उजवीकडची. वस्तू अनंत अंतरावर, वस्तू टू एफ वनच्या पलीकडे, टू एफ वनवर, एफ वन आणि टू एफ वनच्या मध्ये, एफ वनवर, आणि शेवटी एफ वन व प्रकाशकेंद्र यांच्या मध्ये. सहा जागा, आणि प्रत्येक जागेला प्रतिमेचं स्थान, आकार आणि स्वरूप. तिची आई कणीक मळताना प्रश्न विचारायची आणि मुलगी दुसऱ्या खोलीतून उत्तर द्यायची. आठवड्याभरात आईला तक्ता पाठ झाला. ‘वास्तव, उलट, लहान’ हे शब्द ती हल्ली भाजीवाल्याच्या वांग्यांनाही लावते.

मुलीला काही तो तक्ता लक्षात राहीना. शेवटी तिनं स्वतःच युक्ती काढली, आणि ती इतकी अस्सल लाखनीची आहे की मंडळानं पुस्तकात घालायला हरकत नाही. उत्तरेकडं तोंड करून आपल्या चौकात उभं राहायचं. मुंबई-कोलकाता महामार्ग हा मुख्य अक्ष. डाव्या हाताला भंडारा, उजव्या हाताला साकोली, आणि मधे लाखनी म्हणजे प्रकाशकेंद्र. सगळी अंतरं इथूनच मोजायची. भंडारा थोडं लांब, साकोली त्या मानानं जवळ. वस्तू टू एफ वनच्या पलीकडं असली की प्रतिमा एफ टू आणि टू एफ टूच्या मध्ये पडते: वास्तव, उलट आणि लहान. म्हणून साकोली ही भंडाऱ्याची वास्तव, उलट आणि लहान प्रतिमा आहे. हे साकोलीच्या माझ्या साडभावांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले की किरण उलटे जाऊ शकतात असं त्यांच्याही वेळच्या पुस्तकात होतं, आणि त्या हिशेबानं भंडारा हीच साकोलीची प्रतिमा आहे, तीही मोठी केलेली. शास्त्र त्यांच्याच बाजूनं होतं. मी विषय बदलला.

या युक्तीनं चिन्हांचाही प्रश्न सुटला. कार्टेशिअन संकेतात वस्तू नेहमी भिंगाच्या डावीकडं ठेवायची, प्रकाश डावीकडून उजवीकडं जातो असं धरायचं, प्रकाशाच्या दिशेनं मोजलेलं अंतर धन आणि उलट दिशेनं मोजलेलं ऋण. म्हणजे लाखनीहून साकोली धन, भंडारा ऋण. भंडारा जिल्ह्याचं ठिकाण असूनही ऋण कसं, हा आबाजींचा आक्षेप होता. तहसीलच्या कामासाठी साकोलीला आणि कलेक्टरच्या कामासाठी भंडाऱ्याला हेलपाटे घातलेल्या माणसाच्या मते दोन्ही ठिकाणं ऋणच.

पण युक्तीत एक भोक होतं आणि ते मुलीनंच शोधलं, कारण तिला त्याची गरज होती. तिची आई तिला पहाटे चारला उठवायची. मुलीचं म्हणणं असं पडलं की उत्तरेकडं तोंड केलं तर सूर्य उगवतो साकोलीकडून, म्हणजे उजवीकडून. प्रकाश उजवीकडून डावीकडं जायला लागला की सगळी चिन्हं उलटतात. सकाळी अभ्यास केला तर गणितं चुकणारच. संध्याकाळी सूर्य भंडाऱ्याकडं गेला की बरोबर येतील. आईनं हे ऐकून घेतलं आणि गजर पावणेचारचा लावला.

तेव्हा मुलीनं दुसरा पुरावा आणला, आणि तो मात्र मलाही पटला. ज्याच्या नावानं हा संकेत चालतो तो रेने देकार्त सकाळी उशिरापर्यंत अंथरुणात पडून विचार करणारा माणूस. अपवर्तनाचा नियम त्यानं १६३७ साली छापून टाकला. हॉलंडच्या स्नेलनं तो १६२१ मध्ये शोधला होता, पण छापायच्या आधीच तो वारला. आणि बगदादच्या इब्न साहलनं तर तो ९८४ च्या सुमारासच लिहून ठेवला होता. पुस्तकात नाव स्नेलचं. (‘‘काम एकाचं अन् नाव दुसऱ्याचं, हे शाळा खात्यात मी पस्तीस वर्षं पाहिलं,’’ गुरुजी म्हणाले.) तर हा देकार्त १६४९ मध्ये स्वीडनच्या राणीच्या बोलावण्यावरून स्टॉकहोमला गेला. राणी क्रिस्टिनाला तत्त्वज्ञानाची शिकवणी हवी होती, आणि ती पहाटे पाचला. देकार्तला भर हिवाळ्यात पहाटे राजवाड्यात जावं लागलं, त्याला निमोनिया झाला, आणि ११ फेब्रुवारी १६५० ला तो गेला. ‘‘फेब्रुवारी,’’ मुलगी बोटावर मोजून म्हणाली. ‘‘पहाटे पाच. प्रकाशशास्त्र.’’

तिची आई म्हणाली, ‘‘इथं बर्फ पडत नाही. ऊठ.’’

तिसरा प्रयत्न वातावरणीय अपवर्तनाचा होता. वातावरणात प्रकाश वाकतो म्हणून सूर्य क्षितिजावर येण्याच्या साधारण दोन मिनिटं आधीच आपल्याला दिसतो. म्हणजे जो दिसतो तो उगवलेलाच नसतो, आणि न उगवलेल्या सूर्याच्या भरवशावर कुणाला उठवणं योग्य नाही. यात दोन मिनिटांची सवलत मिळाली.

या धड्यांतलं बरंच काही लाखनीत उघड्यावर पडलेलं असतं, पण मंडळाचं वेळापत्रक आणि निसर्गाचं वेळापत्रक जुळत नाही. महामार्गावर पाणी सांडल्यासारखं मृगजळ दिसतं ते एप्रिल-मे मध्ये, पारा पंचेचाळीसला टेकल्यावर. डांबरालगतची हवा तापून विरळ होते, वरून येणारा प्रकाश वाकत वाकत पुन्हा वर वळतो आणि आभाळाचा तुकडा रस्त्यावर दिसतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी आपल्याकडं सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. हे सगळं पेपर संपल्यावर. पेपराच्या वेळेला हाती असतात ते फक्त लुकलुकणारे तारे, आणि ते बघायला बाहेर गेलं तर आई म्हणते, अभ्यास सोडून अंगणात काय करतेस.

पाण्याचं मात्र तसं नाही. पाणी बारमाही आहे, निदान फेब्रुवारीपर्यंत तरी असतं. भंडारा तलावांचा जिल्हा. त्यातले जुने तलाव कोहळी लोकांनी बांधले, पुढं मालगुजारांकडं होते, मालगुजारी गेली आणि ते माजी मालगुजारी झाले. कागदोपत्री त्याचं झालं मामा तलाव. मुलीच्या सख्ख्या मामाच्या गावालाही असा एक मामा तलाव आहे. अभ्यासाचं निमित्त काढून तिथं गेलो. पुस्तकात नाणं आणि वाडगा असतो: वाडग्याच्या तळाशी नाणं ठेवायचं, ते दिसेनासं होईपर्यंत मागं सरकायचं, मग कुणीतरी वाडग्यात पाणी ओतायचं, की नाणं वर येऊन दिसू लागतं. घरी हा प्रयोग झाला होता. नाणं दिसलं, आणि नंतर ते आबाजींच्या खिशात गेलं. तलावावर नाण्याच्या जागी मासा होता.

तिथं एक म्हातारे ढिवर काका जाळं दुरुस्त करत बसले होते. हल्ली सगळं काम जाळ्यावर चालतं, पण तरुणपणी ते भाल्यानं मासा मारत, हे मामानं आधीच सांगितलं होतं. मुलीनं विचारलं, ‘‘काका, मासा दिसतो तिथंच भाला मारायचा का?’’

‘‘नाही वो बाई. त्याच्या खाली मारा लागते.’’

मुलीचा चेहरा उजळला. आता इथं कुणीही लेखक असता तर त्यानं लिहिलं असतं की बघा, शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाला स्नेलचा नियम कसा ठाऊक आहे. पण तिनं पुढं ‘‘का?’’ असंही विचारलं. काका म्हणाले, ‘‘मासा बदमाश हाये. भाला दिसला का खाली बुडते.’’

म्हणजे उत्तर बरोबर, कारण चूक. मंडळाच्या नियमानं अर्धे गुण. मुलीनं मग काठावर काडीनं रेघा ओढून समजावलं. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणजे चार तृतीयांश. वरून बघितलं तर खोली तीन चतुर्थांशच भासते. चार फूट खोल असलेला मासा तीन फुटांवर दिसतो. तिरकं बघितलं तर आणखी वर. काकांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘‘अन् माशाले मी कुठं दिसतो?’’

हा प्रश्न पुस्तकात नाही. गणित मात्र तेच, उलटं. पाण्याच्या चार फूट वर असलेला हात माशाला सव्वापाच फुटांच्याही वर वाटतो. शिवाय डोक्यावरचं सगळं आभाळ, काठ, झाडं आणि भालेवाला त्याला साधारण ९७ अंशांच्या एका गोल खिडकीत दाटून बसलेले दिसतात. खिडकीच्या बाहेर बघितलं तर पूर्ण आंतरिक परावर्तनामुळं तलावाचाच तळ. थोडक्यात, आम्हाला मासा आहे त्याहून जवळ वाटतो आणि माशाला आम्ही आहोत त्याहून उंच. काका म्हणाले, ‘‘मंग बराबर हाये. म्हनून भेतो थो.’’ आणि जाळ्याकडं वळले. मुलीनं मामाच्या हातातली बांबूची काठी घेऊन हिशेबानं तीन-चार वार केले. मासे कुठंच नव्हते. मामानं एवढं मात्र बजावलं की पाणी तीन फूट दिसतंय म्हणून उतरायचं नाही; गावात पोरं बुडतात ती याच एका फुटाच्या फरकात.

आता चष्म्यांकडं येतो. झालं असं की बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर काढण्याचा प्रयोग घरी करून बघायचा होता आणि भिंग नव्हतं. मुलीनं आबाजींचा चष्मा उचलला. दुपारची वेळ, बाहेर लख्ख ऊन, आतल्या खोलीत अंधार. समोरचं दार उघडं. दाराबाहेर रस्त्यापलीकडं कडुनिंब. तिनं चष्मा भिंतीसमोर धरला आणि हळूहळू मागं आणला. आधी नुसता उजेडाचा डाग. मग डागाला कडा आल्या. भिंतीपासून हातभरापेक्षा थोडं कमी अंतर झालं आणि चुन्याच्या भिंतीवर वीतभर उंचीचा कडुनिंब उभा राहिला, शेंडा खाली करून. नुसतं चित्र नव्हे. त्याची पानं हलत होती. फांद्यांमधून आभाळ निळंच होतं, ते खाली होतं एवढंच. तेवढ्यात रस्त्यानं समोरच्या काकू गेल्या, पिशवी घेऊन. भिंतीवर त्या डोकं खाली, पाय वर अशा, आणि जायच्या त्या दिशेच्या बरोबर उलट्या दिशेला, बऱ्यापैकी घाईनं चालत गेल्या. मुलीची आई कामं सोडून आली. काकू परत येईपर्यंत सगळे तिथंच थांबलो.

पट्टीनं मोजलं: चाळीस सेंटीमीटर. १ भागिले ०.४, म्हणजे अडीच डायऑप्टर. चष्म्याच्या दुकानदारानं सांगितलेला नंबर भिंतीवर खरा ठरला. आबाजींना याचं इतकं कौतुक वाटलं की त्यांनी गुरुजींना हाक मारली.

गुरुजींनी आपला मायनस सहाचा चष्मा काढून दिला. मुलीनं तो भिंतीला लावला, मागं आणला, आणखी मागं आणला, पार दारापर्यंत आणला. भिंतीवर नुसत्या दोन काळपट सावल्या, कडेला उजेडाचं कडं असलेल्या. कडुनिंब नाही, काकू नाहीत. अंतर्वक्र भिंग किरणांना पसरवतं, ते पलीकडं कधी भेटत नाहीत, त्यामुळं पडद्यावर काही पडत नाही, प्रतिमा आभासी. गुरुजींनाही हे ठाऊक होतं, पण घरी चालून येऊन सर्वांसमक्ष ते सिद्ध झालं. आबाजी म्हणाले, ‘‘गुरुजीच्या चष्म्यातून वास्तव काहीच निघत नाही.’’ पुढचे दोन दिवस गुरुजी चहाला आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी आले ते प्रश्न घेऊन. भिंगाचा अर्धा भाग काळ्या कागदानं झाकला तर प्रतिमा कशी मिळेल? आबाजी म्हणाले, अर्धी. मुलीची आई म्हणाली, अर्धी. मी म्हणालो, यात विचारण्यासारखं काय आहे. मुलीनं चष्म्याच्या काचेवर आडवं बोट धरलं. कडुनिंब पूर्णच्या पूर्ण राहिला, शेंड्यापासून बुंध्यापर्यंत. फक्त जरा मळकट झाला. कारण झाडाच्या प्रत्येक पानावरून निघालेले किरण भिंगाच्या प्रत्येक भागातून जातात. अर्धे अडवले तरी उरलेले अर्धे पूर्ण झाड काढतात, कमी उजेडात. त्या तीन किरणांच्या आकृतीमुळं आपण समजत असतो की काम तिघंच करतात. गुरुजींनी चहा मागितला, साखर जास्त.

पण खरी पंचाईत आबाजींच्या डोळ्यानं केली. त्यांच्या ऑपरेशनच्या फायलीत एक छोटं स्टिकर चिकटवलेलं आहे. डोळ्यात बसवलेल्या कृत्रिम भिंगाचा नंबर त्यावर छापलाय: +२०.० डी. ही फाईल ते बँकेच्या पासबुकाबरोबर ठेवतात. ‘‘तू भिंगाबद्दल वाचते,’’ ते नातीला म्हणायचे, ‘‘माया डोऱ्यात थे हाये.’’ या भिंगाचा इतिहासही त्यांना मुखोद्गत. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचा फुटून वैमानिकांच्या डोळ्यात अॅक्रिलिकचे कण गेले, ते डोळ्याला खुपले पण बाधले नाहीत. हे पाहून हॅरल्ड रिडली नावाच्या डॉक्टरनं २९ नोव्हेंबर १९४९ ला लंडनमध्ये पहिलं अॅक्रिलिकचं भिंग माणसाच्या डोळ्यात बसवलं. आबाजींच्या तोंडी याचा गोषवारा ‘‘माया डोऱ्यात विमानाची काच हाये’’ एवढाच उरतो. चौकात त्याला मान आहे.

मुलीनं स्टिकर पाहिलं आणि सवयीनं गणित मांडलं. शक्ती २०, म्हणजे नाभीय अंतर १ भागिले २० मीटर, पाच सेंटीमीटर. मग तिनं पुस्तकात डोळा बघितला. पुढून मागपर्यंत डोळा साधारण २.४ सेंटीमीटरचा.

‘‘आबाजी, तुमची प्रतिमा तर डोळ्याच्या मागं पडते. डोक्यात.’’

गुरुजी तत्काळ म्हणाले, ‘‘मी कवापासून सांगतो, ह्यायच्या डोक्यात काहीतरी हाये.’’

आबाजी अस्वस्थ झाले. दिसतंय तर नीट, पण शास्त्राप्रमाणं दिसायला नको. त्यांनी एक डोळा झाकून कॅलेंडर वाचून पाहिलं. दुसरा झाकून पाहिलं. रात्री जेवताना ते म्हणाले की नंबर चुकीचा तर नाही बसवला. मुलगी दुसऱ्या दिवशी फाईलचा फोटो काढून शाळेत घेऊन गेली.

विज्ञानाच्या सरांनी स्टाफरूममध्ये तिला बसवून जे सांगितलं ते तिनं संध्याकाळी सपरीत जसंच्या तसं मांडलं. डोळ्यात किरण वाकवण्याचं मोठं काम आतलं भिंग करतच नाही. ते करतो पुढचा पारदर्शक पडदा, बुबुळावरचा. त्याची एकट्याची शक्ती ४३ च्या आसपास. आतलं भिंग उरलेलं काम करतं. दोन्हींची मिळून शक्ती, मधल्या अंतराची थोडी वजावट करून, साठीच्या घरात जाते. साठ डायऑप्टर म्हणजे १.६७ सेंटीमीटर.

‘‘मंग आता लई पुढं पडली,’’ आबाजी म्हणाले. ‘‘आधी मागं पडत होती.’’

‘‘थांबा ना. १.६७ हे हवेतलं. डोळ्याच्या आत हवा नाही, पाण्यासारखा पदार्थ आहे. त्याचा अपवर्तनांक जवळजवळ पाण्याएवढाच. म्हणजे गुणिले चार तृतीयांश.’’

गुणाकार आबाजींनी स्वतः केला, बोटांवर, धानाचे कट्टे मोजतात तसा पुटपुटत. २.२ आणि वर थोडं. मोजायला सुरुवात त्या पुढच्या पडद्याच्या किंचित आतून करायची असते, तेवढं धरलं की प्रतिमा बरोबर डोळ्याच्या मागच्या पडद्यावर येते. तलावातला मासा ज्या चार तृतीयांशानं वर आला होता त्याच चार तृतीयांशानं आबाजींची दृष्टी जागेवर आली. मुलीला भलताच आनंद झाला होता. सरांनी मात्र शेवटी सांगितलं होतं, ‘‘छान. पण हे पेपरात लिहू नको. तिथं शक्ती म्हणजे १ भागिले एफ, एवढंच.’’

वाचायला चष्मा मग का लागतो, हेही निघालं. देवानं दिलेलं भिंग स्नायूंनी फुगतं आणि चपटं होतं. विमानाची काच फुगत नाही. तिचा नंबर दूरचं दिसण्यासाठी ठरवलेला. जवळचं वाचायला अडीचचा चष्मा, म्हणून आबाजी पेपर नेमका चाळीस सेंटीमीटरवर धरतात. वस्तू एफ वनवर, प्रतिमा अनंत अंतरावर. तक्त्यातली पाचवी जागा. आमच्या घरात ती रोज सकाळी सात ते आठ भरलेली असते, आणि मुलीला नेमकी तीच आठवत नव्हती.

विज्ञान भाग १ चा पेपर चाळीस गुणांचा, दोन तासांचा. त्या दिवशी पेपर सुटायच्या आधीपासूनच आबाजी आणि गुरुजी सपरीत येऊन बसले होते, एकमेकांशी न बोलता. ती आली, पाणी प्याली.

‘‘काय आलं?’’ दोघांनी एकदम विचारलं.

‘‘निकटदृष्टिता. कारणं लिहा आणि दोष कसा घालवाल ते आकृतीसह दाखवा.’’

गुरुजींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं दोन्ही काचा बराच वेळ पुसल्या आणि पुन्हा चढवला. आबाजी म्हणाले, ‘‘अन् मोतीबिंदू?’’

‘‘नाही आला.’’

‘‘विमानाची काच?’’

‘‘आबाजी, ते अभ्यासक्रमातच नाही.’’

आबाजींनी मान हलवली. ‘‘पेपर काढनाऱ्याले मायनसचाच चष्मा असंन,’’ ते म्हणाले.